दोड्डप्पांनी विमान उडवलं

आमच्या घरात एखाद्या गोष्टीला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. चांगलं म्हटलं की समोरचा भाव चढवतो, हे आडतीच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण, आणि आमचं घर तर आडतीच्याच मागच्या अंगाला होतं. मध्ये एक दार आणि दाराला गोणपाटाचा पडदा, एवढाच काय तो संसार आणि व्यापार यांच्यातला फरक. त्यामुळे तुरीला लावायची मापं थेट स्वयंपाकघरापर्यंत आत आली होती. वाईट असेल ते खुशाल वाईट म्हणावं, मधलं असेल त्याला नाक मुरडावं, आणि एखादी वस्तू अगदीच निर्दोष निघून पंचाईत झाली तर नाइलाजाने म्हणावं, ‘चालतंय’. यापुढे शब्द नव्हता. माझी दोड्डव्वा, म्हणजे थोरली काकू, दुबलगुंडीच्या माहेराहून येणगाईची हातोटी घेऊन आली होती. तिची मसाला भरलेली वांगी खायला आळंदच्या बाजारातले व्यापारी काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळी टपकत. तिला लग्नानंतर पहिल्यांदा ‘चालतंय’ ऐकायला मिळालं तेव्हा माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे तिच्या कडेवर दुसरं मूल होतं.

हा शब्द द्यायचा अधिकार एकट्या दोड्डप्पांचा. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते आणि आडतीचे मालक. माझ्या वडिलांनी त्यांच्यापुढे ‘व्हय अण्णा’ एवढ्या दोन शब्दांवर आयुष्य काढलं, आणि मला वाटतं ते सुखात काढलं. दोड्डप्पांच्या हातात कायम परखी असायची. परखी म्हणजे पन्हळीसारखी टोकदार लोखंडी सळई. पोत्याच्या कुशीत खुपसली की मूठभर दाणे तिच्यातून घरंगळत बाहेर येतात. ती मूठ वानगी म्हणून घ्यायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, डोळे मिटायचे, आणि उघडले की अख्ख्या ढिगाचा निकाल. ‘किडकं हाय.’ ‘ओलं हाय.’ ‘पाहुण्याला दाखवायचं वर, घरच्याला खायचं खाली.’ दोन-चार शब्दांत एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षाचं काय ते होऊन जायचं. आणि एकदा ढिगावर बोललेला शब्द फिरवायचा नाही, ही आमच्या आडतीची रीत. पुढे पोत्याच्या तळातून खडे निघोत नाहीतर मोती निघोत, बोललं ते बोललं. आजोबांच्या वेळेपासून हे चालत आलं होतं आणि त्या एका रीतीवर लोक बैलगाड्या घेऊन लांबलांबून आमच्याच दारात येत. रीत चांगलीच होती. फक्त ती तुरीपुरती ठेवायची असते हे आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं.

दोड्डप्पा एका वानगीवर सगळ्याच गोष्टींचा निकाल देत. नवा तहसीलदार चौकातून एकदा चालत गेला की कळे, किडका आहे. भजनाच्या पहिल्या ओळीला कळे, गवई ओला आहे. मुलगी दाखवायला आणली की ती पोह्यांचा ट्रे ठेवून सरळ होईपर्यंत निकाल लागलेला असे. मी जन्मले तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून त्यांनी एक नजर टाकली आणि ‘सावळं हाय’ म्हणून ते बाजारात निघून गेले. आई म्हणायची, किडकं म्हणाले नाहीत हेच नशीब.

माझा थोरला भाऊ बसवराज. त्याला मी अण्णा म्हणते. त्याची छाती तुरीच्या धुळीने भरून यायची. सुगीला पोती उलगडायला लागली की त्याचा घसा आधी शिट्टी घालायचा, मग धाप लागायची, मग तो पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसायचा आणि त्याच्या मानेच्या शिरा दिसायच्या. मला ते बघवायचं नाही. मी पडद्याआड उभी राहून त्याच्याबरोबर श्वास घ्यायचे, जणू माझ्या घेण्याने त्याला थोडा मिळणार होता. दोड्डप्पांचा यावरचा निकाल जुना होता. ‘सोंग हाय. आडत्याच्या पोराला धूळ बाधती म्हणं! उद्या बेडकाला चिखल बाधंल.’ आडतीच्या गादीवर पुढे अण्णानेच बसायचं हे ठरलेलं होतं, कारण दोड्डप्पांना तिन्ही मुलीच आणि त्या आपापल्या सासरी.

हा अण्णा एकदा सोलापूरला गेला तो डोक्यात एक पेटी घेऊनच परत आला. व्हिडिओ गेमची पेटी. माणसाच्या छातीएवढी उंच, तोंडाला काच, काचेत रंगीत उजेड, खाली एक दांडी आणि दोन बटणं. नाणं घातलं की खेळ सुरू. आडतीच्या पुढच्या अंगाला एक खोली होती. सुगीत ती छतापर्यंत तुरीने भरायची आणि एरवी तिच्यात उंदरांशिवाय कुणी राहत नसे. ती खोली मला द्या, अण्णा म्हणाला. मग दोड्डप्पांनी अट सांगितली. पेटी तीच ठेवून आतली पाटी बदलली की खेळ बदलतो, हे त्यांनी अण्णाकडून नीट समजून घेतलं होतं.

“येवडं कर. प्रत्येक नवा खेळ बाजारच्या दिवशी मी बघणार. वेळामावस्येच्या पुढं तूर यायला लागती. तवर एका जरी खेळाला मी ‘चालतंय’ म्हणलो तर खोली तुझी. न्हाई म्हणलो तर पेटी सोलापूरला आन् तू गादीवर. कबूल हाय का?”

“कबूल हाय दोड्डप्पा,” अण्णा म्हणाला. नाही म्हणायला त्याच्याकडे दुसरी खोली कुठे होती?

पहिला खेळ भिंत फोडायचा होता. खाली एक फळी, वर विटांची रंगीत भिंत, चेंडू मारून एकेक वीट पाडायची. आता सांगायला हरकत नाही, फार नामी खेळ होता. भिंतीत एक भोक पाडून चेंडू वर घातला की तो आपला वरच्या वर विटा पाडत बसायचा आणि बघणाऱ्याला कुणीतरी पाठ खाजवून देतंय असं सुख व्हायचं. दोड्डप्पा बाजारच्या दिवशी आले. मागे आमचा हमालांचा मुकादम खाजामामू, त्याच्या मागे निम्मा बाजार. अण्णाने नाणं घातलं. दोड्डप्पांनी चेंडू दोनदा मारला, तिसऱ्यांदा चुकवला आणि डोळे मिटले.

“पाडायचं तेवढं हाय. बांधायचं कायच न्हाई. गवंड्याच्या पोटावर पाय आणणारा खेळ.”

बाजार हसला, आणि बाजार हसला की संपलं. मोठ्यांनी पोरांच्या खिशात नाणी टाकायची बंद केली. दुसरा खेळ मोटारींच्या शर्यतीचा. रस्ता वळायचा, झाडं मागे पळायची. दोड्डप्पांनी पहिल्याच वळणावर मोटार झाडात घातली आणि निकाल दिला, “हॉर्न न्हाई. उमरग्याच्या रस्त्याला ही मोटार एक दिवस टिकायची न्हाई.” तिसऱ्या खेळात मोठा मासा लहान माशांना गिळत फिरायचा. त्याला तर त्यांनी दांडीवर हातही ठेवला नाही. “आपल्या घरात मासे? पेटी धुवून घ्या.” दोड्डव्वाने भाबडेपणाने खरंच ओलं फडकं आणलं. अण्णाने ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं, नाहीतर पेटीही गेली असती आणि दोड्डव्वाही.

हल्ली अण्णाचा नातू मोबाइलवर खेळ खेळतो आणि खेळून झाला की त्याला तारे देतो. कधी दोन तारे, कधी पाच. खाली एक ओळ लिहितो, की कंटाळा आला, पैसे परत द्या. मी त्याला म्हटलं, तुझे पणजोबा लागणारे एक गृहस्थ हेच काम करत, फक्त तारे देत नसत, काढून घेत. तो म्हणाला, ‘त्यांनी गेम पूर्ण खेळला होता का?’ दहा वर्षांच्या पोराला पडलेला हा प्रश्न अख्ख्या आळंदच्या बाजाराला पडला नव्हता.

कारण खरे खेळ कोण खेळत होतं, तर मी. दुपारी आडत जेवायला बंद व्हायची. पुरुष माणसं आत लवंडायची, शेजारची पिठाची गिरणी पुकपुकायची थांबायची, आणि अण्णा मागची किल्ली फिरवून फुकटात पेटी सुरू करून द्यायचा. मी परकर खोचून उभी राहायचे. भिंतीचा खेळ मी शेवटच्या विटेपर्यंत नेला होता. मोटार माझ्या हातात कधी झाडावर गेली नाही. माशाचा खेळही चांगला होता, पण मोठं झालं की आपल्याला वळता येत नाही असं त्यात होतं, आणि हे मला आमच्या घरात राहून आधीच ठाऊक होतं. माझं मत मात्र कुणी विचारलं नव्हतं. मुलीचं मत ही आमच्याकडे पाहुण्याची चप्पल होती, ती दाराबाहेर काढून ठेवायची.

मार्गशीर्षातली वेळामावस्या आली. रानात पांडवांची पूजा झाली, दोड्डव्वाने साऱ्या भाज्या-दाण्यांच्या भज्जीचं पातेलं चढवलं, आंबिलीचं मडकं भरलं, बाजरीचे उंडे वळले. दोड्डप्पांनी भज्जीतला एक वाटाणा दाताखाली फोडून ‘मीठ लाजायलंय’ एवढा निकाल दिला आणि चार वाट्या खाल्ल्या. अण्णा काही खात नव्हता. शेवटची पाटी सोलापूरहून आदल्या दिवशीच आली होती, पण ती लावून बघायला करंट नव्हता. आणि पुढच्या बाजाराला पहिली तूर उतरणार होती.

ती उतरली. सकाळपासून अंगणात पोती उलगडायला लागली, धुळीचा पिवळा ढग आडतीत शिरला आणि अण्णाच्या घशात शिट्टी वाजायला लागली. करंट आला तसा त्याने पेटी सुरू केली. विमानाचा खेळ होता. पाटी नवी, त्यामुळे नाणं घालायच्या आधी पेटी कशी वागते हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. आणि ही पेटी वागत कशी होती, तर गिऱ्हाइकाला भुलवायला आपला आपणच खेळून दाखवत होती. विमान आपणच उडायचं, आपणच गोळ्या झाडायचं, शत्रूची विमानं पाडायचं. खाली इंग्रजीत काहीतरी लुकलुकत होतं, नाणं घाला म्हणून. दोड्डप्पांचं शिक्षण निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. इंग्रजी त्यांच्या लेखी मुंग्यांची रांग.

बाजार गोळा झाला. दोड्डप्पा आले ते थेट दांडीवर हात ठेवूनच. अण्णा नाणं घालायला पुढे वाकला आणि नेमकी त्याला खोकल्याची उबळ आली. तो भिंतीला धरून वाकला तो वर येईना. दोड्डप्पा कुणाच्या खोकल्यासाठी थांबणारे नव्हते. त्यांनी दांडी डावीकडे रेटली. विमानही नेमकं डावीकडेच निघालं होतं. त्यांनी बटण दाबलं, गोळ्या सुटतच होत्या. एक विमान पडलं, दुसरं पडलं. दोड्डप्पांच्या मिशा थरथरल्या. ते दांडीबरोबर स्वतःही वळायला लागले, खांदा झुकवायला लागले, एकदा तर गोळी चुकवायला खाली बसले. मी पडद्याआडून बघत होते आणि गोणपाट दातात धरून हसू दाबत होते. पुढच्या रांगेतल्या शाळकरी पोरांनी एकमेकांकडे बघितलं. खाजामामूने तर खालची लुकलुकणारी अक्षरं बघितली, नाणं घालायची फट बघितली, अण्णाच्या मुठीतलं नाणं बघितलं, आणि मग मोठ्याने म्हणाला, “क्या उड़ाये सावकार! क्या उड़ाये!”

विमान पडलं तेव्हा दोड्डप्पा घामाने भिजले होते. त्यांनी डोळे मिटले. अण्णा अजून भिंतीला टेकून श्वास शोधत होता. आणि मला एकाएकी हसू यायचं थांबलं, कारण त्या मिटलेल्या डोळ्यांच्या मागे त्याची छाती टांगलेली होती.

“चालतंय,” दोड्डप्पा म्हणाले.

आणि तेवढ्यावर न थांबता, आयुष्यात पहिल्यांदा, पुढेही बोलले, “जातवान हाय. बाकीच्यावानी केकाटत न्हाई, गप गुमान चालतंय. आन् समज किती! माझ्या हाताच्या आदी त्याला कळायलंय, सावकाराला कुटं जायचंय ते!”

बाजाराने टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या खेळाला होत्या.

रात्री जेवताना दोड्डप्पा भाकरीच्या तुकड्याचं विमान करून शेंगाचटणीवरून वळवून दाखवत होते. “मनगट सैल पायजे. बसू, तू लई आवळून धरतूस दांडी.” अण्णा ताटात बघत होता. त्याला खरं सांगून टाकायचं होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं, आणि मी समोरून त्याच्यावर डोळे वटारून बसले होते. तेवढ्यात दोड्डव्वा वरण वाढता वाढता म्हणाली, “आन् नाणं किती घातलाव म्हणं?”

“मला कशाला लागतंय नाणं?” दोड्डप्पा म्हणाले. “घरची पेटी हाय. वळखती ती मला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आडत बंद होती. मी पुढच्या खोलीत पेटीजवळ बसून हरभरे सोलत होते. खेळत नव्हते, कारण विमानाचा खेळ मी सकाळीच, आडत उघडायच्या आधी, खेळून टाकला होता आणि त्यात परत खेळण्यासारखं काही नव्हतं. दार ढकलून दोड्डप्पा आत आले. एकटेच, टोपीशिवाय, चोरासारखे. त्यांना पुन्हा विमान उडवायचं होतं. आणि दारातच ते थांबले, कारण विमान उडत होतं. दांडीला कुणी हात लावला नव्हता. तेच विमान, तीच वळणं, कालच्याच जागी खाली सूर, कालच्याच जागी मरण. पुन्हा पहिल्यापासून. दोड्डप्पांनी जवळ येऊन दांडी उजवीकडे रेटली. विमान डावीकडे गेलं. त्यांनी हात काढला. विमान निवांत होतं.

“नंदा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “काल बी असंच हुतं?”

“व्हय, दोड्डप्पा.”

“बसूला ठावं हाय?”

“हाय.”

“खाजाला?”

मी हरभरे खाली ठेवले. “दोड्डप्पा, सगळ्या बाजाराला ठावं हाय.”

ते रिकाम्या पोत्यांवर बसले. मला वाटलं आता उठतील, पेटीला लाथ घालतील, अण्णाला हाक मारतील, आणि संध्याकाळपर्यंत खोली तुरीने भरेल. ते नुसते बसून राहिले. त्यांचा तो हात, एका दाण्यावरून ढीग ओळखणारा, मांडीवर उताणा पडला होता. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. शेवटी मीच घाबरत विचारलं, “मग खोली?”

“कामून? ढिगावर बोललो न्हाई का मी?” ते एकदम ओरडले. “बोललेलं फिरवायला मी काय कालचा दलाल हाय?” मग खालच्या आवाजात, “नाणं घाल. खेळ. मी बघतो.”

मी किल्ली फिरवली आणि खेळले. तिसऱ्या पडद्यापर्यंत गेले. ते पोत्यांवरून मान उंच करून बघत होते. विमान पडल्यावर त्यांनी मला एक गोष्ट विचारली, जी त्यांनी मला त्याआधी कधी विचारली नव्हती.

“कसा हाय?”

“रद्दी,” मी म्हणाले. “तिसऱ्या पडद्याच्या पुढं परत पहिलाच येतो. बटण अडकतंय. चारीत सगळ्यात वाईट. मोटारीचा लई चांगला हुता.”

दोड्डप्पांनी मान हलवली. “हॉर्न न्हाई त्याला,” ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

खोली अण्णाची झाली. पुढच्या बाजाराला दोड्डप्पांनी एका पोत्यात परखी तीनदा घातली. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा पार तळाशी. खाजामामूने आश्चर्याने बघितलं तर म्हणाले, “बघतोस काय? पोतं धर.” मोटारीची पाटी परत आली. तिला परीक्षक कुणी नव्हता, मी सोडून.

राहिली ती तूर. पुढची खोली गेल्यावर पोती ठेवायची कुठे हा प्रश्न उरला, आणि दोड्डप्पांनी तो कुणाला न विचारता सोडवला. त्यांनी ती आपल्या झोपायच्या खोलीत छतापर्यंत रचायला लावली आणि मधल्या चिंचोळ्या जागेत स्वतःचा पलंग लावून घेतला. दोड्डव्वा आईजवळ झोपायला आली. आई म्हणाली, ओसरीवर झोपा की. ते म्हणाले, माल एकटा ठेवत नसतात. त्या सुगीत घरात रोज पहाटे शिट्टीसारखा आवाज यायचा, मग खोकला, मग बराच वेळ धाप. मी सवयीने दचकून अण्णाच्या अंथरुणाकडे बघायचे. अण्णा शांत झोपलेला असायचा, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखा.

एका सकाळी दोड्डप्पा पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. पुढच्या खोलीतून मोटारीचा आवाज येत होता. दोड्डव्वा गरम पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “धूळ बाधायलीय तुमाला. आता तरी वळखा, पोरगं सोंग करायलं नव्हतं.” त्यांनी पाणी घेतलं, पुढच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाले, “कसं काढलं असंल गं त्यानं येवडी वर्सं?”

दोड्डव्वाने डोळ्याला पदर लावला. “मग पोती हलवू का खोलीतून? तुमाला त्रास व्हायलाय.”

दोड्डप्पांनी हातानेच नको म्हटलं आणि श्वास गोळा करायला वेळ घेतला.

“चालतंय,” ते म्हणाले.